आठ इंचाच्या पायऱ्या

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

वर्ध्यात मी तीस वर्षं घरं बांधली. लोक म्हणत, सरांचं घर जितकं छान, तितकंच आतलं फर्निचर. फर्निचरची आखणी — खरं सांगायचं तर — मीना करायची. मीना देवळीची. पोलिओने डावा पाय लहानपणीच अधू झालेला. रोज बसने यायची, आणि साइटवर बांबूच्या परांचीवर माझ्याआधी चढायची. अकरा वर्षं माझ्या हाताखाली होती.

मग पुलगावचे एक डॉक्टर आले. मी घराचा नकाशा पुढे केला, तर म्हणाले, "आधी मीना मॅडमले दाखवा. त्या म्हणतीन तसंच करू."

मी हसलो. आत काय झालं? मत्सर म्हणतात त्याला. पण हा शब्द फार स्वच्छ वाटतो.

त्याच वर्षी मी स्वतःचं नवं ऑफिस बांधायला काढलं. पहिल्या नकाशात सगळ्यांची टेबलं खाली होती. तो नकाशा मी फाडला. कामाची खोली वर नेली. जिना अरुंद केला. पायरी सहा इंच उंच ठेवतात, ती आठची केली. आणि कठडा? कठडा लावलाच नाही. "त्याने जिन्याचं रूप जातं," असं मिस्त्रीला सांगितलं. हे कोणासाठी चाललंय, ते रेघ ओढतानाच मला ठाऊक होतं.

उद्घाटनाच्या दिवशी ती भिंत धरून चढली. दर पायरीला थांबत. मी वर पाहुण्यांत उभा होतो. खाली उतरून हात दिला का? नाही. पाहत राहिलो — आणि मला बरं वाटत होतं.

पंधरा दिवस ती चढली. मग एका दुपारी टेप लावून पायरी मोजली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, आठ इंच काऊन ठेवली? तुमाले तं मालूम होतं नं."

"जागा कमी होती," मी म्हणालो.

जागा भरपूर होती. तिला ती दिसत होती.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या मापाची सागवानी खुर्ची करवून घेतली आणि खाली दारापाशी ठेवली. फोन घ्यायला, आल्यागेल्याला पाणी विचारायला. लोक म्हणाले, सरांचं मन किती मोठं! मी मान डोलावली. नकाशे वर, ती खाली. वर्षभर बसली. मग सोडून गेली.

नागपूरच्या एका ऑफिसातून तिची चौकशी करायला फोन आला. तेव्हा तरी — तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "हुशार आहे हो, पण पायामुळे झेपत नाही तिला. आम्ही खूप सांभाळून घेतलं." त्यांनी तिला घेतलं नाही. फोन ठेवून मी चहा सांगितला.

ती आता देवळीत झेरॉक्सचं दुकान चालवते. माझं तिकडे काम निघालं की गाडी त्या दुकानासमोरूनच जाते. मी थांबवत नाही.