पावणेतीन तासांचं अंतर

आईला अतिदक्षता विभागात हलवल्याचा धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला, तेव्हा देवावरचा माझा विश्वास जवळजवळ संपला होता. तिच्या आजारपणाचे सगळे महिने मी इथे कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या घरी रोज रामनाम घेत होते आणि ती खालावतच होती. यजमानांची बँकेतून इकडे बदली झाली तेव्हा रडणाऱ्या आईला मी म्हटलं होतं, "अगं, लांब कुठे? विमानाने पावणेतीन तास." मधले दीड हजारांहून जास्त किलोमीटर तेव्हा काहीच वाटले नव्हते.

मुलाची परीक्षा होती, म्हणून यजमान घरी थांबले आणि मी एकटीच सकाळी विमानतळावर गेले. बाहेर दाट धुकं होतं. विमान कधी सुटेल, कोणी सांगेना. हावड्याहून गाडीने जायचं तर दीड दिवस. तेवढ्यात भावाचा पुन्हा फोन आला. "ताई, डॉक्टर म्हणतात, फार वेळ नाही. निघालीस का?" मी फोनवरच रडू लागले. काचेपलीकडे विमान दिसतसुद्धा नव्हतं. मी मनात देवाला म्हटलं, एवढंही देत नसशील तर आजपासून तुझं नाव घेणार नाही.

शेजारी एक वयस्क बंगाली बाई बसल्या होत्या, पुण्याला लेकीकडे निघालेल्या. माझं रडणं पाहून त्यांनी विचारलं. मी तुटक हिंदीत सांगितलं. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "मा, तुम नहीं पहुँचेगा तो तुम्हारा गला पहुँचेगा. फोन उनके कान पे रखवाओ. ठाकुर का नाम लो." इथे देवाला 'ठाकुर' आणि लेकीच्या वयाच्या बाईला 'मा' म्हणतात, हे मला माहीत होतं. तरी तो शब्द ऐकून मी कोसळलेच.

भावाने कशीबशी परवानगी काढून आईच्या कानाशी फोन धरला. ज्याच्यावर नुकतीच रुसले होते, त्याचंच नाव मी घेऊ लागले. आजूबाजूचे लोक बघत होते. बाईंनी हात सोडला नाही. पलीकडून फक्त यंत्राचा आवाज येत होता. ती ऐकतेय की नाही, काही कळत नव्हतं.

दुपारी विमान सुटलं. मी आकाशात असताना आई गेली.

पुण्याला भाऊ बाहेर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. आम्ही गाडीत बसलो. मग तो म्हणाला, "ताई, सकाळपासून ती सारखी दाराकडे बघत होती. तुझा फोन झाला आणि बघायची थांबली. डोळे मिटून शांत पडून राहिली."

याला कृपा म्हणावं का, मला ठरवता येत नाही. शेवटची भेट राहिली, ती राहिलीच; ते दुःख कमी झालेलं नाही. पण मी हरले होते, तेव्हा कोणीतरी माझा हात धरला, माझ्याकडून नाम घेववलं आणि ते आईपर्यंत पोचवलं. त्या बाईंना आणि त्यांना माझ्या शेजारी बसवणाऱ्याला मी रोज नमस्कार करते. आता देवापाशी काही मागत नाही. नाम घेते आणि पुढचं त्याच्यावर सोडते.