भोईवाडा ते भोईवाडा: दोन रविवार, दोन गाड्या आणि आईचं पोट

या ब्लॉगवर आजवर मी स्पितीपासून सिक्कीमपर्यंत लिहिलं. त्यामुळे यंदाचा प्रवास भोईवाड्यात सुरू होऊन भोईवाड्यातच संपतो हे वाचून काही जण इथूनच परत फिरतील. खुशाल फिरा. पण ज्यांना मोठी गाडी घ्यायची आहे आणि पेट्रोलची की इलेक्ट्रिक यावरून ज्यांच्या घरात दोन तट पडलेत, त्यांनी थांबावं. आमच्या घरात तीन तट होते, आणि माणसंही तीनच आहेत.

मी दातांची डॉक्टर. हिंदमाताजवळ क्लिनिक आहे. लांबलचक, मऊ सीटांची, दार लावलं की जाड आवाज करणारी सेडान घ्यायची हे माझं सातवीपासून ठरलेलं. बाबा मलबार हिलच्या एका शेटकडे अडतीस वर्षं ड्रायव्हर होते. क्वचित शेटची गाडी आमच्या चाळीखाली थांबायची, तेव्हा बाबा मला तिला हात लावू देत नसत. बोटांचे ठसे उमटतात म्हणे. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, हे आधीच कबूल करते.

पण या वेळी गाडी हवी होती ती आईसाठी. तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामा, कुडाळजवळ गावी असतात. ऐंशी पार केलेत, आता त्यांना मुंबईला येणं होत नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून तिला रेल्वेच्या डब्याची पायरी चढवत नाही. राहिला रस्ता. आणि आईला गाडी लागते. थोडीथोडकी नाही, परळहून सायनला पोचेपर्यंत माझी जुनी छोटी गाडी दोनदा थांबवावी लागते. सहा वर्षं झाली, बहीणभावाची भेट नाही. मामा दर फोनला विचारतात, "कधी येतंस गो?" आणि आई त्यांना आंब्याला मोहोर आला का ते विचारते.

माझा सिद्धांत असा की आईला त्रास होतो तो पेट्रोलच्या वासाचा आणि इंजिनाच्या थरथरीचा. इलेक्ट्रिकमध्ये दोन्ही नाही, म्हणजे प्रश्न मिटला. बाबांचं म्हणणं, "पेट्रोलच घे. घाटात तुझ्यासाठी चार्जर कोणी लावून ठेवलाय?" आईचं म्हणणं, "खयचीच नको. माका लागताच."

शेवटी ठरलं ते असं: दोन रविवार, दोन गाड्या, रस्ता एकच. भोईवाडा, गिरगाव, दादर, लालबाग आणि घर. आईचं पोट जिला पास करेल ती गाडी घ्यायची.

पहिला रविवार पेट्रोलचा. माझ्या मैत्रिणीकडे मला हवी तशीच लांबलचक सेडान आहे, पेट्रोलची. तिने दिवसभरासाठी दिली. सकाळी साडेसातला निघालो. स्टिअरिंगवर मी, शेजारी बाबा, मागे डाव्या बाजूला आई, म्हणजे शेटलोक बसतात त्या जागेवर. आईच्या मांडीवर नेहमीची पिशवी: दोन लिंबं, आवळासुपारीची डबी, ओला रुमाल आणि घड्या घालून ठेवलेल्या चार प्लास्टिकच्या पिशव्या. गाडी लागते म्हणून तिने सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

लालबागचा पूल रविवारी सकाळी मोकळा असतो. गाडी अशी काही सुटली की मी खूश. बाबा मात्र ताठ बसलेले. मी ब्रेक मारला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा, जणू तिकडेही एक ब्रेक आहे. मला ते दिसत होतं आणि रागही येत होता. वीस वर्षं गाडी चालवतेय मी, लेह गाठलंय. बाबा तोंडाने काही बोलले नाहीत.

गिरगावात पार्किंगसाठी तीन फेऱ्या मारल्या. एवढी लांब गाडी तिथल्या गल्लीत वळवणं म्हणजे चाळीच्या जिन्यावरून कपाट उतरवणं. ज्यांचं घर गिरगावात आहे त्यांनी लांबी आधी मोजा, बाकीचं नंतर. एका जुन्या उपाहारगृहात थालीपीठ, मिसळ आणि पियुष घेतलं. दोघांचे साडेपाचशे झाले. आईने फक्त लिंबू हुंगलं.

परतीच्या वाटेवर ताडदेवच्या आसपास तिने पहिली पिशवी उघडली. दादरला दुसरी. लालबागला आम्ही गेलोच नाही. गाडीच्या सीटा पुसून, सुगंधी फवारे मारून मैत्रिणीला परत केली. शहरात लिटरला आठ किलोमीटरसुद्धा मिळाले नाहीत हेही नोंदवून ठेवते, ज्यांना हवं त्यांच्यासाठी.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मनातून मी जिंकलेही होते. बघा, पेट्रोलच.

दुसऱ्या रविवारी शोरूममधून तेजल नावाच्या बाई इलेक्ट्रिक गाडी घेऊन आमच्या इमारतीखाली आल्या. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. अशा गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह अर्धा-पाऊण तासाची असते, पण मी घासाघीस करून अर्धा दिवस मिळवला. तुम्हीही मागा, देतात.

आमची सोसायटी पुनर्विकासातली. पार्किंगमध्ये चार्जर लावायचा तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, जनरल बॉडीत घेऊ." मी म्हटलं, "कधी आहे?" ते म्हणाले, "तेही जनरल बॉडीतच ठरेल." इलेक्ट्रिक घेणाऱ्यांनी शोरूमच्या आधी सेक्रेटरींना भेटावं. मी क्लिनिकच्या इमारतीत सोय करून घेतली आहे.

स्टिअरिंगवर मी, शेजारी तेजल, मागे आई आणि बाबा. गाडी निघाली तरी कळलं नाही, इतकी शांत. आई मागून म्हणाली, "चालू झाली काय?" मी आरशातून तिच्याकडे बघून हसले. मग ती म्हणाली, "गो, माझे गुडघे वर कित्याक येतत?" बॅटरी सगळी तळाला असते, त्यामुळे मागे पाय ठेवायची जागा उंच होते आणि बसणाऱ्याचे गुडघे पोटाशी येतात. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. गुडघेवाले घरात असतील तर पाच मिनिटं नाही, अर्धा तास मागे बसवून बघा.

या गाडीत पाय उचलला की ती स्वतःच जोरात हळू होते आणि त्यातून बॅटरी थोडी भरते. तेजल कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम, एकाच पेडलवर चालते. ब्रेकला पाय लावायची गरजच नाही." मला ते फारच आवडलं. पाय दाबला, गाडी पळाली. पाय उचलला, गाडी थबकली. गिरगावच्या सिग्नलांतून मी असा खेळ करत चौपाटीपर्यंत आले, आणि मागून पिशवीचा आवाज आला.

या वेळी फारच झालं. चौपाटीसमोर गाडी कडेला घेतली. आईचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम. तेजल पाण्याची बाटली घेऊन धावल्या. आई कठड्याला टेकून बराच वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माका घराक न्हेऊन सोड. आणि गावाची गोष्ट परत काढू नको. दादाक सांग, नाय जमणा."

मामांना हे सांगायचं कोणी? मी. माझा सिद्धांत तर गेलाच होता, त्याहून जास्त म्हणजे आता काही उरलंच नाही असं वाटलं. पेट्रोलही नाही, बॅटरीही नाही. भर चौपाटीवर मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

तेवढ्यात बाबांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि मला म्हणाले, "चावी कुठाय?"

"याला चावी लागत नाही बाबा."

"मग तू बाजूला हो."

तेजलनी लायसन्स विचारलं. बाबांनी पाकिटातून काढून दिलं. त्र्याहत्तरीत नुकतंच नूतनीकरण केलेलं, हे मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसे लावले, मग तेजलना विचारलं, "बाई, पाय उचलल्यावर हिचं जे थांबणं आहे ना, ते कमी होतं का?"

"होतं की काका. एकदम कमीवर पण ठेवता येतं."

"ठेवा." मग आईला म्हणाले, "तू पुढे बस."

आई म्हणाली, "मी पुढे? पोरगी काय मागे बसतली?"

"बसू दे. रस्ता डोळ्यांना दिसला की पोट गप्प राहतं. आणि पुढे पाय लांब करता येतील तुला."

मी मागे तेजलशेजारी, शेटच्या जागी बसले. गुडघे खरंच वर येतात.

बाबांनी गाडी मरीन ड्राइव्हवरून कोस्टल रोडला घातली. टोल नाही, बोगदा लख्ख, वरळीपर्यंत दहा मिनिटं. मी मुद्दाम डोळे मिटून बघितलं: गाडी कधी वेग घेते आणि कधी सोडते, काही कळत नव्हतं. सिग्नल लांबूनच दिसला की ते पाय इतका हळू काढत की गाडी आपसूक येऊन टेकायची. मी विचारलं, "हे कसं करता?"

"शेट मागे पेपर वाचायचे. पेपर हलला की ओरडायचे." थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "गाडी कुणालाच लागत नाही. ड्रायव्हरचा पाय लागतो. पेट्रोलची गाडी तुझे दोष थोडे पोटात घालते, ही घालत नाही. तू सांगशील तेवढं आणि लगेच करते."

"मग मागच्या रविवारी बोलला नाहीत ते?"

"तू लेहला जाऊन आलीस. तुला मी काय सांगणार?"



दादरला पोचेपर्यंत आईने एकही पिशवी उघडली नाही. उलट म्हणाली, "म्हावरा घेऊया." तेजलचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. आई बाजारात शिरली, कोळणीशी वाद घातला, ती म्हणाली, "मावशे, रविवारी असला बांगडा या भावात मिलत नाय," आणि शेवटी सहा बांगडे आईच्याच उरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून, एकीत दुसरी घालून, डिकीत गेले. त्यानंतर आईला भूक लागली. गाडीत बसलेल्या आईला भूक लागली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दादरलाच उभ्याउभ्या तिने दोन बटाटेवडे खाल्ले.

लालबाग उलट्या दिशेला पडतं, पण मालवणी मसाला घ्यायचा होता. पुलाखालच्या सिग्नलला गाडी थांबली. रविवारची गर्दी, हातगाड्या, मिरची भाजल्याचा ठसकेदार वास. आई समोर बघत बसली होती. अचानक तिने बाबांना विचारलं, "अडतीस वर्सां लोकांच्या बायकांका तुमी असाच न्हेत होतात?"

बाबांनी आरशात पाहिलं. सिग्नल अजून लाल होता. म्हणाले, "तेव्हा गाडी आपली नव्हती गो."

"मी गाडीचा नाय विचारलंय."

सिग्नल सुटला, मसाला घेतला आणि बाबांनी गाडी भोईवाड्याकडे वळवली. तेजल खिडकीबाहेर बघत होत्या. मी मागे बसून मोजत होते की आईला घेऊन बाबा कुठे गेलेत असं मला काय काय आठवतं. लग्नकार्यं आठवली, बसने आणि टॅक्सीने, आई कायम मागे, पिशवी हातात. ज्या पायाने शेटचा पेपर हलला नाही, त्या पायाशेजारी ती एकदाही बसली नव्हती. आणि मी वीस वर्षं तिला माझ्या गाडीतून फिरवताना कधी विचारलं नाही की नेमकं कशाने होतं.

घरी येऊन बांगडे झाले, जेवणं झाली, आणि निर्णयही झाला. इलेक्ट्रिक घेतली. महाग आहे, पण क्लिनिकवर चार्ज होते आणि रोजचं चालवणं पेट्रोलच्या मानाने फारच स्वस्त पडतं. गावच्या वाटेवर दोनदा थांबावं लागेल, तेवढं आईलाही लागतंच. घाटातल्या चार्जरबद्दल बाबांनी तेजलशी अर्धा तास हुज्जत घातली आणि कागदावर ठिकाणं लिहून घेतली. आठ तास सलग चालवणं त्यांना आता जमणार नाही, म्हणून निम्मा रस्ता माझा. त्यासाठी रोज सकाळी सहाला वडाळ्याच्या मोकळ्या रस्त्यावर माझी शिकवणी चालू आहे. पुढच्या सीटवर आई बसते. बोलत नाही, नुसता पदर सावरते, की मला कळतं पाय चुकला.

तुम्ही विचाराल, मग आमच्यासाठी सल्ला काय? गाडी कुठली घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. पण टेस्ट ड्राइव्हला ज्याला त्रास होतो त्याला न्या, त्याच्या जागेवर स्वतः बसा, आणि स्टिअरिंग दुसऱ्या कोणाकडे तरी द्या.

त्या दुसऱ्या रविवारी दुपारीच आईने स्वतःहून मामांना फोन लावला. मामांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचं बोलणं अख्ख्या घराला ऐकू जातं. येतंय म्हटल्यावर ते ओरडून विचारू लागले, "गाडी खयची? पेट्रोलची काय बॅटरीची?"

"ता माका म्हायत नाय," आई म्हणाली. "डायवर घरचो आसा."