पंचफुलाबाईंच्या मडक्यातला कंद

पंचफुलाबाईंना कशाची भीती वाटत नाही, हे तेलुगू मुलखाच्या कडेला असलेल्या बोथ गावात कुणालाच सांगता आलं नसतं. बसमध्ये चढायचं तर त्या आधी दोन जणांना विचारून घ्यायच्या, ही नक्की भैंशालाच जाते ना. तेलुगू त्यांना चांगली कळायची, पण तोंडून कधी शब्द फुटला नाही. चुकलं तर लोक हसतील. नवरा देवाजी शाळामास्तर. शाळेतला कुणी साहेब घरी आला की त्या चहाचा कप दारातून आत सरकवायच्या आणि पडद्यामागे उभ्या राहायच्या.

एका चुलीपुढे मात्र त्यांचा हात थरथरत नसे. आणि स्वयंपाकाची ती कलाही त्या भीतभीतच शिकल्या होत्या.

त्यांचं माहेर भैंशाचं. आई एका गुजराती जिनिंगवाल्या शेटच्या घरी अंगण झाडायला, कापसाची धूळ काढायला जायची. नऊ वर्षांची पंचफुला तिच्यासोबत असे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला हात लावायचा नाही, हे आईनं पहिल्या दिवशीच बजावलं होतं. पण मागच्या बाजूला चुलीजवळ एक बुटकी खिडकी होती. पंचफुला त्या खिडकीखाली उकिडवी बसायची आणि टाचा उंचावून बघायची. शेटाणी मंछाबेन हिंगाची फोडणी द्यायच्या, बेसन मंद भाजून त्यात धणे-जिरे, तीळ, गूळ कालवायच्या आणि वांग्यांत भरायच्या. एके दिवशी दोघींची नजरानजर झाली. पंचफुला जी पळाली ती थेट फाटकाबाहेर. दुसऱ्या दिवशी आईनं हाताला धरून आणलं तेव्हा तिला वाटलं, आता आईचं काम गेलं. मंछाबेन रागावल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून चुलीपुढे मोठ्यानं बोलू लागल्या. "अब अजमो डालना. हाथ से मसल के." खिडकीकडे पाठ करून. अजमो म्हणजे ओवा, हे पंचफुलाला वासावरून कळलं.

थंडीत अंगणात उंधियु व्हायचा. छोटी वांगी, रताळी, कच्ची केळी, वालाच्या शेंगा, मेथीचे मुठिये आणि कंद, सगळं हिरव्या वाटणात घोळून मडक्यात भरायचं, तोंड पाल्यानं घट्ट बंद करायचं, मडकं खड्ड्यात पालथं घालायचं आणि वरून गोवऱ्या पेटवायच्या. गोवऱ्या रचायचं काम पंचफुलाच्या आईचं. त्यामुळे उंधियु तेवढा तिला खिडकीतून बघावा लागला नाही.

लग्न होऊन बोथला आल्यावर ती हे सगळं करू लागली. देवाजींच्या शाळेतले मास्तर तिच्या हातची भरली वांगी मागून नेत. आमच्याकडे भाजीत गूळ कोण घालतं, असं आधी म्हणणाऱ्या शेजारणी वाटी घेऊन यायच्या.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत थोरल्या वनमालाला बघायला पाहुणे येणार होते. मुलाचं नाव उत्तम, नुकताच तहसीलमध्ये लागलेला. वडील बाबारावही त्याच दफ्तरातले जुने कारकून. सोबत आई चंपाबाई आणि चार वर्षांची नात, चिमी.

"तुझा तो मडक्यातला उंधियु कर," देवाजी म्हणाले. "असं जेवण त्यायनं खाल्लं नसंन."

"साधं वरण-भात करू ना. पसंत नाही पडलं तर?"

"काऊन नाही पडणार? तुले तर सावलीचंही भेव वाटते."

बाजाराच्या दिवशी त्या कंद घ्यायला गेल्या. दर हिवाळ्यात जंगलातल्या गुड्यावरून, म्हणजे पाड्यावरून, सोनाबाई नावाची गोंड बाई गोड कंद घेऊन यायची. त्या दिवशी सोनाबाई पाणी प्यायला गेली होती. टोपल्यांपाशी तिची जाऊ बसली होती. तिनं मागच्या टोपलीतले कंद काढून दिले. रंग जरा पिवळट वाटला. विचारावं असं पंचफुलाबाईंच्या मनात आलं, पण मागे गर्दी होती, त्या संकोचल्या आणि पिशवी उचलून घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंद चिरताना बोटांना खाज सुटली. कंदाला खाज असतेच. अकराच्या सुमारास मडकं बाहेर काढलं, पाला सोडला, तसा हिरव्या लसणाचा आणि ओव्याचा वास घरभर पसरला. त्यांनी एक फोड चाखली. मागून कडवट चव आली. मेथी जास्त झाली असेल म्हणून त्यांनी वरून आणखी खोबरं आणि थोडा गूळ घातला. जिभेच्या टोकाला मुंग्या आल्यासारखं होत होतं. पाहुणे दारात आले होते. मिरची असेल, म्हणत त्यांनी पदर सावरला.

जेवण छान झालं. बाबारावांनी दोनदा भाजी मागून घेतली. उत्तम खाली मान घालून जेवला, पण ताट स्वच्छ केलं. पुरुष उठून बाहेर पान खात बसले, आणि आत चंपाबाई चिमीला मांडीवर घेऊन जेवायला बसल्या. वनमाला वाढत होती.

तेवढ्यात मागच्या दारातून कुणीतरी हाक मारली. सोनाबाई होती. घामानं भिजलेली, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

"मास्तरची बाई तूच ना? काल कंद नेला तो कुठं हाय?"

"काऊन?"

"चुलीवर टाकला का?"

 पंचफुलाबाईंनी मडक्याकडे पाहिलं.

सोनाबाई मटकन खाली बसली. "माय वं. तो कडू कंद होता. आमच्या खायाचा. त्याले राखेत उकडून तीन दिवस ओढ्यात ठेवा लागते, तवा त्याचं जहर जाते. जावेनं भलतीच टोपली देली. घरी गेल्यावर ध्यानात आलं. पहाटपासून चालून राह्यली, दारोदारी इचारत."

"खाल्लं तर काय होते?"

"गळा जळते. चक्कर येते. मंग झोप लागते." ती थांबली. "लहान लेकरू उठत नाही कधी कधी."

 आतून चिमीचा आवाज आला, "आजी, गोड मुटकं अजून." पंचफुलाबाई आत धावल्या आणि चंपाबाईंच्या पुढचं ताट ओढून घेतलं. चंपाबाई हातातला घास तसाच धरून बघत राहिल्या.

"काय झालं वं?"

"थांबा. खाऊ नका. थांबा जरा."

त्या बाहेर गेल्या. देवाजींना खुणेनं अंगणात बोलावलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. देवाजींचा चेहरा उतरला. त्यांनी ओसरीकडे पाहिलं. बाबाराव हसत काहीतरी सांगत होते.

"गप राह्य," देवाजी हळूच म्हणाले. "थोडं पाहू. निस्तं मळमळंन. आत्ता सांगितलं तर पोरीचं काय? जन्मभर नाव होईन, पाहुण्याईले जहर घातलं म्हून."

नवऱ्याचं त्यांनी कधी मोडलं नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. सोनाबाई मागच्या दारात हात जोडून बसली होती; तिला पोलिसांची भीती. देवाजींना अब्रूची भीती. आणि आपल्याला या सगळ्याची मिळून भीती वाटतेय, हे त्यांना कळत होतं. मग आत चिमी खोकली. खोकली आणि म्हणाली, "आजी, घसा चावते."

पंचफुलाबाई ओसरीवर चढल्या. परक्या पुरुषांसमोर त्या आयुष्यात पहिल्यांदा अशा उभ्या राहिल्या असतील. पदर घसरला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं.

"बाबारावजी, भाजीत जहरी कंद गेला. माझ्या हातून गेला. तुमी सगळे उठा. दवाखान्यात चला. आत्ता."

 मग बाबाराव उठायला गेले आणि खांबाला धरून परत बसले. "मले वाटलं, पानात तंबाखू जास्त झाला," ते म्हणाले.

त्यानंतर एकच धावपळ उडाली. सोनाबाई मिठाचं पाणी करून एकेकाला पाजू लागली, ओका, ओका म्हणत. उत्तम रस्त्यावर गेला आणि कापसाची गाडी घेऊन भैंशाकडे निघालेला एक ट्रॅक्टर अडवून आणला. पुरुष कापसावर बसले. चंपाबाई चिमीला छातीशी धरून होत्या. चिमीची मान एका बाजूला झुकायला लागली होती. पंचफुलाबाईंनी निघता निघता कोपऱ्यातला उरलेला अर्धा कच्चा कंद पदरात बांधला. ते त्यांना कसं सुचलं, कोण जाणे.

वाटेवरच्या सरकारी दवाखान्यात एकच डॉक्टर होता, तरुण, गोदावरीकडचा. मराठी येत नव्हती. त्यानं पोरीची पापणी उघडून पाहिली आणि भरभर विचारलं, "एम तिन्नारु?" काय खाल्लं? देवाजी भिंतीला टेकून ओकत होते. बाबाराव आणि उत्तम यांच्या तोंडून शब्द नीट निघत नव्हता. चंपाबाईंना भाषाच कळत नव्हती.

"गड्डा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "अडवी गड्डा." जंगलातला कंद. त्यांनी पदराची गाठ सोडून तो अर्धा तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. किती वाजता खाल्लं, कुणी किती खाल्लं, पोरीनं किती घास खाल्ले, सगळं त्या तेलुगूत सांगत गेल्या. व्याकरण कसंही होतं. डॉक्टर हसला नाही. त्यानं नर्सला हाक मारली, नळी मागवली आणि चिमीला उचलून आत नेलं.

दार बंद झालं. मग बसून राहण्याशिवाय काही उरलं नाही.

पंचफुलाबाई व्हरांड्यात जमिनीवर बसल्या.  आत भांड्यांचा आवाज आला की त्या बंद दाराकडे बघायच्या. आवाज थांबला की कान देऊन बसायच्या. सोनाबाई येऊन शेजारी बसली. पळून जायची सोय असूनही ती गेली नाही. समोरच्या बाकावर चंपाबाई होत्या. त्यांनी जेमतेम चार घास खाल्ले होते, पण तोंड राखेसारखं झालं होतं.

"आमाले माराले बोलावलं होतं का?" त्या एकदाच म्हणाल्या.



तीन वाजता डॉक्टर बाहेर आला. मोठी माणसं ठीक होतील, म्हणाला. पोरीचं संध्याकाळपर्यंत कळेल. व्हरांड्यातल्याच खाटेवर झोपवलेले बाबाराव सलाईन लावलेल्या हाताकडे बघत क्षीण आवाजात म्हणाले, "विकला कोणं? नाव सांगा. पंचनामा करू." शेजारी बसलेली सोनाबाई पंचफुलाबाईंच्या मागे सरकली.

"कंद ओळखाचं काम माझं होतं," त्या म्हणाल्या. "मले कडू लागलं होतं. जिभेले मुंग्या आल्या होत्या. मी बोलली नाही, वरून गूळ टाकला. चूक माझीच."

बाबारावांनी डोळे मिटले. पुन्हा विचारलं नाही.

ऊन व्हरांड्यातून सरकत भिंतीवर गेलं. डॉक्टर आत-बाहेर करत होता आणि दर वेळी पंचफुलाबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या, मग ते धाडसही होईना, नुसत्या चपलांकडे बघायच्या. घरी एकटी असलेल्या वनमालाचा विचार मनात आला आणि मागे पडला. लग्न, अब्रू, काहीच उरलं नव्हतं. फक्त ते बंद दार होतं.

दिवेलागणीच्या आधी आतून रडणं ऐकू आलं. चिडलेलं, घसा बसलेलं, चांगलं मोठ्यानं रडणं. चंपाबाई धावत आत गेल्या.  पंचफुलाबाई भिंतीला डोकं लावून बसल्या, आणि सोनाबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सोयरीक मोडली असं सगळे धरून चालले. देवाजी पंधरा दिवस शाळेत मान खाली घालून जात होते. महिना उलटल्यावर बाबाराव एकटेच आले. पाणी प्यायले. म्हणाले, "मास्तर, माझ्या दफ्तरात पस्तीस साल गेले. आपली चूक आपल्या तोंडानं सांगणारा माणूस मी एक नाही पाहिला. तुमची घरवाली पोरीचं लगन पणाले लावून बोलली. एक घंटा उशीर झाला असता तर माझी नात गेली असती. उत्तमले पोरगी पसंत हाय. तारीख काढा." मग त्यांनी जरा घसा खाकरला. "जेवण मात्र साधं करा."

लग्न त्याच वैशाखात झालं, बुद्धविहारासमोर मांडव घालून. चंपाबाई मात्र बधल्या नाहीत. विहिणीच्या घरी यायच्या, फक्त चहा घ्यायच्या, आणि तोही आधी दुसऱ्या कुणी घेतल्यावर. पंचफुलाबाईंनी त्याचं कधी वाईट मानलं नाही. उंधियु त्यांनी पुन्हा केला नाही. बाकीचं सगळं करत राहिल्या: भरली वांगी, दुधी-चणाडाळ, शेव-टमाट्याची भाजी. पण एक नेम लागला. भाजी झाली की आधी स्वतः वाटीभर खायची आणि घड्याळ बघत अर्धा तास बसायचं. तोवर घरात कुणी ताट मांडायचं नाही. नातवंडं चिडायची, देवाजी कुरकुरायचे. त्या तोंडात जीभ फिरवत, कुठे मुंग्या येतात का ते बघत बसायच्या.

अकरा वर्षांनी बाबाराव वारले. त्यानंतर चंपाबाई हवापालटासाठी म्हणून वनमालासोबत आठवडाभर बोथला येऊन राहिल्या. पहिले दोन दिवस स्वतःची भाकरी स्वतः थापून घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी पंचफुलाबाईंनी वांगी उतरवली, आपली वाटी खाल्ली आणि भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत बसल्या. चंपाबाई दारातून बघत होत्या. आत आल्या, समोर बसल्या.

"रोजच अशी बसते का तू?"

"हो."

"अजून भेव वाटते?"

पंचफुलाबाईंनी मान हलवली.

 चंपाबाईंनी फळीवरून एक थाळी घेतली, स्वतःच्या हातानं दोन वांगी वाढून घेतली आणि खायला सुरुवात केली. घड्याळात आठच मिनिटं झाली होती.  पंचफुलाबाई एकेका घासाबरोबर विहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"गूळ जास्त झाला," चंपाबाई म्हणाल्या आणि भाकरी मागितली.