लालशाईबाई आणि सहावं नाव

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंना अख्खं कॉलेज पाठीमागे लालशाईबाई म्हणायचं, आणि ते बाईंना ठाऊक होतं. कॉलेज एवढंसं, मुलं सगळी मिळून तीनशे. तिथे काय लपणार? सव्वीस वर्षं बाईंची रीत एकच. निबंध टाकाऊ असला की खाली एक खूण करून परत. पण त्यात जरा जीव दिसला, की बाई लाल पेन घेऊन तुटून पडत. ‘हे कशावरून?’ ‘इथे घाबरलीस का?’ ‘अजून खोल जा!’ जुन्या मुलांना हे माहीत होतं. कागद नुसत्या खुणेनिशी परत आला की ती तोंड पाडून बसत. नव्यांना कोण सांगणार? बाईंनी तर कधीच सांगितलं नाही. आता याला काय म्हणावं! एवढ्या शिकलेल्या बाई, पण तोंडाने ‘छान’ म्हणायला जीभ रेटायची नाही.

यंदा ऑफिसातून पत्र आलं. शुक्रवारी चारपर्यंत सहा नावं नसतील तर विषय बंद आणि बाईंना नारळ. नावं बरोबर सहा होती. सहावी एक नवी मुलगी, शेवटच्या बाकावर बसणारी, वर्गात चकार शब्द न काढणारी. पण तिचा पहिलाच निबंध वाचताना बाईंचा चहा गार झाला. त्या चार पानांवर त्यांनी सबंध रविवार घालवला. समास संपला तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. किती हरखल्या होत्या!

शुक्रवारी तीनला हेडक्लार्कने दारातून डोकं आत घातलं.

“बाई, तुमची सहावी गेली. विषय बदलायचा फॉर्म देऊन गेली. संख्याशास्त्र.”

“काहीतरीच काय!”

“माझ्या टेबलावर पडलाय. चारपर्यंत पुढे पाठवत नाही. बघा काय जमतंय.”

बाई धापा टाकत खाली आल्या. मुलगी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसली होती.

“अगं, काय केलंस हे?”

“बरं झालं बाई, तुम्ही लिहून दिलंत,” मुलगी उठत म्हणाली. “आई पहिल्यापासून म्हणत होती, तुझ्याच्याने हे व्हायचं नाही. मला वाटायचं, तिला काय कळतंय. पण तुम्ही एक ओळसुद्धा धड ठेवली नाहीत.”

बाईंच्या काळजात चर्र झालं. “वेडे, ते चुकलं म्हणून नव्हतं गं! मला आवडतं त्याच्यावरच मी एवढं लिहिते. असा निबंध दहा वर्षांत कुणी दिला नाही मला.”

मुलीचा चेहरा क्षणभर खुलला. मग तिने बाईंकडे निरखून पाहिलं.

“मी गेले तर तुमची नोकरी जाते ना? हेडक्लार्ककाका म्हणाले.”

“जाते.”

“म्हणून म्हणताय.” तिच्या आवाजात राग नव्हता, उलट माया होती. “मी ठेवते नाव, बाई. तुमच्यासाठी. पण खोटं नका बोलू.”

बाईंना रडू फुटायचं बाकी राहिलं. नोकरीवर पाणी सोडलं तर निदान पोरीला पटेल, असं त्यांना वाटलं.

“माझ्यासाठी नको ठेवूस,” त्या म्हणाल्या. “जा तू. निबंध चांगला होता एवढं मनाशी धर, मला तेवढं पुरे.”

मुलीने हळूच नकारार्थी मान हलवली.

“बघा, नोकरी जात असूनसुद्धा तुम्हाला मी नकोच आहे,” ती म्हणाली, आणि दप्तर उचलून संख्याशास्त्राच्या वर्गाकडे निघून गेली.