सदतीस की शेहेचाळीस

मी तीस वर्षं माणसं मोजली. नोकरीच ती. दार ठोठावायचं, घरात किती जण ते विचारायचं, खरं-खोटं ऐकून लिहायचं आणि पुढच्या दाराला जायचं. या कामात माणसाचं अप्रूप उरत नाही, आकडा तेवढा उरतो. पण पार उत्तरेच्या एका वस्तीत एका बाईंनी मला माणसं बघायला लावली.

वस्ती कसली, चौदा घरं. नकाशावर माशी बसली तर झाकली जाईल एवढी. मागे बुटक्या झाडांचं रान, पुढे दलदल आणि दलदलीपलीकडे, नजर जेमतेम पोचेल अशी, आणखी चार घरं. पहिल्या सकाळी दारात उभा राहिलो. एवढं आभाळ मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. हातातला चहा गार होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

"माणसं किती इथे?" असं विचारलं की जो तो म्हणे, शेहेचाळीस. मी मोजली तर सदतीस. वाटलं, यांना धड मोजताही येत नाही. मग कळलं की उरलेली नऊ पलीकडच्या चार घरांतली. रस्त्याने गेलात तर ती घरं एकसष्ट किलोमीटर दूर, भलत्याच गावाला लागून. उन्हाळ्यात दलदलीत ना होडी चालते, ना पाऊल टिकतं. पण थंडीत ती गोठली की पाऊण तासात माणूस पलीकडे. म्हणजे वस्ती थंडीत शेहेचाळीसची, उन्हाळ्यात सदतीसची. असला भूगोल मी बापजन्मात पाहिला नव्हता.

ही थंडीतली वाट सांभाळायच्या त्या काठीवाल्या काकू. मी त्यांच्याच घरी उतरलो होतो. साठीच्या, ठेंगण्या, बोलायला फटकळ. बर्फ धरला की लोखंडी गज घेऊन त्या दलदलीवर जायच्या. पावलापावलावर गज आपटायचा, आवाज ऐकायचा आणि पक्क्या जागी काठी रोवायची. एकशे बारा काठ्या, प्रत्येकीच्या टोकाला लाल चिंधी. सव्वीस वर्षं हेच. म्हातारे, लेकुरवाळ्या, सामान ओढणारे, सगळे त्या चिंध्यांवर नजर ठेवून बिनधास्त चालायचे.

एक दिवस मीही त्यांच्याबरोबर गेलो. "हा ऐका, भरीव. आणि हा पोकळ," त्या म्हणाल्या. मला दोन्ही सारखेच वाटले.

"कानात बोळे घातलेत का?" त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. त्या पांढऱ्या पसाऱ्यात ती एवढीशी बाई जमिनीशी बोलत चालली होती आणि जमीन तिला उत्तर देत होती. मी मागोमाग गेलो.

वस्तीत दर मंगळवारी बसने नर्सबाई यायच्या. त्यांची एक खोली, एक खाट, औषधांचं एक कपाट. काकूंच्या नवऱ्याच्या पायाची जखम वर्षभर भरत नव्हती, तो पाय मंगळवारच्या मलमपट्टीवर तग धरून होता. आता वरून हुकूम आला होता, की पंचेचाळीसपेक्षा कमी माणसं असतील तर खोली बंद. आणि पलीकडची नऊ कुठली धरायची? तर मोजणीच्या दिवशी दुपारी बारा वाजता ज्या वस्तीची वाट खुली आणि जवळची, तिथली. कुठल्या शहाण्याने हा नियम केला देव जाणे, पण माझ्या फॉर्मवर तो छापलेला होता आणि वस्तीत सगळ्यांना पाठ होता.

मी पोचलो तेव्हा बर्फ दगडासारखा होता, त्यामुळे सगळे निर्धास्त. मग दक्षिणेकडून गरम वारा सुटला. सलग दोन दिवस.

मोजणीच्या सकाळी काकू गज घेऊन गेल्या आणि साडेनऊला परतल्या. "मधे तीन ठिकाणी आरपार गेला," एवढंच बोलून त्यांनी गज भिंतीला टेकवला. काका खाटेवर पाय उशीवर ठेवून पडले होते.

मीच सुचवलं. "काकू, पलीकडे फोन करून सांगा, आज कोणी निघू नका. बारापर्यंत काठ्या तेवढ्या राहू द्या. मला काय, काठ्या दिसल्या की मी वाट खुली लिहितो."

काकूंनी काकांच्या पायाकडे पाहिलं.

"काठी उभी आहे म्हणजे मी 'या' म्हणतेय," त्या म्हणाल्या. "आज कोणी बुडणार नाही, मान्य. पण उद्यापासून माणूस काठीपाशी येऊन थांबेल. ही खरी की कागदासाठीची, असा विचार करेल. मग मी कशाला आहे?"

"जा, ऊन चढतंय," काका म्हणाले.

त्या एकट्या गेल्या. सदतिसातले चालू शकणारे सगळे काठावर येऊन उभे राहिले. काकू काठी उपटत, काखेत घेत, पुढे सरकत होत्या. एवढ्यात कोणीतरी बोट दाखवलं. पलीकडच्या टोकालाही लाल चिंध्या एकेक करून नाहीशा होत होत्या. ती नऊ माणसं बाहेर पडून आपल्या बाजूच्या काठ्या स्वतः उपटत होती. त्यांनाही नियम पाठ होता. कोणी कोणाला हाक मारली नाही. बारा वाजता मी फॉर्मवर सदतीस लिहिलं.

खोली बंद झाली. उन्हाळ्यात काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढच्या थंडीत मी फेरतपासणीला गेलो, तेव्हा काकूंच्या दारात पाय टाकायची लाज वाटत होती. काकांनीच आतून आवाज दिला, "या मोजणीवाले. एक पाय गेला म्हणून मला अर्धा लिहू नका म्हणजे झालं." काकूंनी चहा पुढे केला, साखर नेहमीसारखीच कमी.

तो मंगळवार होता. खिडकीतून पाहिलं तर दलदलीवरून कोणीतरी एकटंच येत होतं, खांद्याला पिशवी. नर्सबाई. त्यांची बदली पलीकडच्या गावाला झाली होती. मंगळवारी त्यांची सुट्टी असायची, तेव्हा त्या चार घरांपर्यंत बसने यायच्या आणि तिथून चालत. जन्म शहरात गेलेल्या या बाई पूर्वी दलदलीच्या काठावरही उभ्या राहायच्या नाहीत.

"भीती नाही वाटत?" त्या बूट झटकत असताना मी विचारलं.

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "पण गेल्या वर्षी काकूंनी काठ्या काढल्या होत्या. आज लावल्यात." मग त्या आत गेल्या आणि काकांना म्हणाल्या, "चला, दाखवा पाय."