पिवळ्या पिशवीचं प्रेमगीत

पद्माकर मितभाषी आहे, असं त्याच्या सासरी कौतुकाने म्हणतात. आम्ही मंडळातल्या बायका त्याला मुखदुर्बळ म्हणतो. जर्मनीत कायझर्सलाउटर्नजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत तो डिझाइन इंजिनियर आहे, आणि पंप बोलत नाहीत म्हणून त्याचं तिथे छान चाललं आहे. बायकोच्या, म्हणजे मीनलच्या, वाढदिवसाला तो न सांगता डिशवॉशर रिकामा करतो आणि त्यात सगळं आलं असं समजतो. तिने एकदा आमच्यासमोरच विचारलं होतं की लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही माझ्याशी एकदा तरी काही गोड बोललात का? त्याने पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, "आल्झो," म्हणजे जर्मनमध्ये 'तर', "तुझी आमटी चांगली असते." बिचाऱ्याने ते अगदी मनापासून सांगितलं होतं.

असा हा माणूस आमच्या महाराष्ट्र मंडळाचा संगीतकार होता. मी शोभना, त्याच्या कोरसमधली डावीकडून दुसरी, त्यामुळे मला हे सगळं जवळून माहीत आहे.

त्याचं असं झालं. आमचे अध्यक्ष चारुदत्त हे एका संशोधन संस्थेत सॉफ्टवेअर लिहितात, पण स्वतःला रागदारीचे जाणकार मानतात. लहानपणी शेजारी गाण्याचा क्लास होता, एवढ्या भांडवलावर. एका गणपतीत त्यांनी जाहीर केलं की गणपतीसमोर मोबाइलवरची गाणी वाजवणं हा करंटेपणा आहे, मंडळाचं स्वतःचं स्वागतगीत हवं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणीही पुढे आलं नाही. पुढच्या रविवारी पद्माकर मुलीचा कीबोर्ड काखोटीला मारून आला आणि काही न बोलता त्याने एक चाल वाजवली. चारुदत्तांनी डोळे मिटले. "शुद्ध भूप," ते म्हणाले. "ही चाल मराठी मातीतच उगवू शकते."

ती उगवली होती जपानमध्ये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, लग्न झाल्या झाल्या, तेव्हाच्या पुण्यातल्या कंपनीने पद्माकरला दोन वर्षं नागोयाला पाठवलं होतं. मीनल पुण्यात, सासूपाशी. तो तिथे कंपनीच्या वसतिगृहात, एका चटईवर. त्या काळात तिकडे दोघा गायकांची एक जोडी फार गाजत होती. त्यांचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, म्हणून मी त्यांना 'ते दोघे' म्हणते. एक चष्मेवाला उंच आवाजात गायचा आणि दुसरा गिटार वाजवत खालच्या सुरात त्याला सांभाळून घ्यायचा. गाणी सगळी प्रेमाची. लग्नात तीच, पदवीदानात तीच, दुकान बंद करतानाही तीच. पद्माकरने त्यांच्या कॅसेटी घेतल्या, झिजेपर्यंत ऐकल्या, आणि त्याच दिवसांत मीनलला पत्रात लिहिलं की इथे थंडी आहे, मोजे पोचले.

आता गंमत अशी, की त्या दोघांच्या बऱ्याच गाण्यांत मध्यम आणि निषाद नाहीत. आपल्या भूपातही नाहीत. दोन देशांनी नेमके तेच दोन सूर वगळले, याचा पद्माकरने पुरेपूर फायदा घेतला. कॅसेटी गेल्या तळघरात, हिवाळ्याच्या टायरांमागे, आणि चाली आल्या मंडळात. विरहाच्या एका गाण्याचं झालं तिळगूळगीत. स्टेशनवरच्या पहिल्या भेटीचं गाणं किराणा दुकानवाल्या प्रायोजकांचे आभार मानू लागलं. शब्द रचायचे चारुदत्त, त्यामुळे त्यांत प्रेम सोडून सगळं असायचं.

पण त्याला खरी कीर्ती दिली ती कचरागीताने. आम्ही कार्यक्रम करतो तो हॉल एका चर्चचा आहे. तिथल्या हाउसमाइस्टरने, म्हणजे देखभाल करणाऱ्या इसमाने, एका वर्षी आम्हाला बोलावून दाखवलं की तुम्ही लोकांनी मोदकांचे प्लास्टिकचे द्रोण कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले आहेत. चारुदत्तांना ते फार लागलं. त्यांनी त्याच आठवड्यात गीत लिहिलं, 'पिवळ्या पिशवीत प्लास्टिक बाई, निळ्या डब्यात कागद जाई', आणि पद्माकरने त्याला अशी काही हळवी चाल लावली की पहिल्या तालमीत दह्याच्या डब्याच्या कडव्यावर मी पदर डोळ्यांना लावला. मध्यंतराच्या चहाआधी ते गायचं अशी प्रथा पडली. हाउसमाइस्टर दारात उभा राहून ऐकायचा. मग इतर गावच्या मंडळांनीही ते मागून नेलं.

म्हणून २०१६च्या गणपतीत पद्माकरला 'फाल्त्सभूषण' ही पदवी द्यायचं ठरलं. फाल्त्स म्हणजे आमचा हा प्रांत. प्रांताला याची कल्पना नव्हती. पद्माकर मात्र हरखला होता. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत त्याचं कौतुक होणार होतं, आणि त्याची झोप उडाली ती आनंदाने की भीतीने, हे त्यालाच माहीत.

भीती तिसऱ्या रांगेत येऊन बसली. तिचं नाव नोरिको, मूळची जपानची. विद्यापीठात संशोधन करायची, आणि तिची मुलगी मीनलच्या मुलीच्या, तनयाच्या, वर्गात. मीनलने शेजारधर्म म्हणून तिला मोदक खायला बोलावलं होतं आणि आपल्या शेजारी बसवलं होतं.

कीबोर्डमागून पद्माकरने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. कचरागीताची वेळ झाली तसा तो तबलजी कपिलच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, जमेल तितकं द्रुत घे. कपिल आज्ञाधारक मुलगा. त्याने असा काही ठेका धरला की आम्ही सहा बायका तोंडाला फेस येईपर्यंत धावलो. लावणी म्हणतोय की वर्गीकरण करतोय, काही कळेना. पण चाल शेवटी चालच. दुसऱ्या ओळीला नोरिको ताठ बसली, तिसरीला उभी राहिली आणि गाऊ लागली. आपल्या लयीत, संथ. कपिलने पाहुणी म्हणून तिचा मान राखला आणि लय खाली आणली. आम्ही म्हणत होतो की दह्याचा डबा धुऊनच टाका, आणि ती डोळे मिटून भलतंच काही म्हणत होती आणि रडत होती. दुसऱ्या कडव्याच्या आधी एक अवघड जागा आहे, पद्माकर आमच्याकडून दर तालमीला घोटून घ्यायचा. तिने ती आमच्याआधी घेतली.

मला वाटलं, संपलं. पद्माकरलाही वाटलं, कारण त्याने कीबोर्डवरून हात उचलले होते. चारुदत्तांनी माइक हातात घेतला, आणि त्यांचा आवाज कापत होता. ते म्हणाले की ही आपल्या रागदारीची ताकद आहे, जिला भाषा कळत नाही तिलाही पुढची ओळ आपसूक सुचते. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपल्या लोकांना पटवायचं असेल तर पुरावा नको, अभिमान पुरतो.

मीनल मात्र टाळ्या वाजवत नव्हती. चहाच्या टेबलाशी तिने नोरिकोला गाठलं आणि जर्मनमध्ये विचारलं की ते गाणं काय आहे. मी शेजारीच कप मांडत होते. नोरिको म्हणाली, आमच्याकडे हे सगळ्यांना येतं, माझ्या लग्नात होतं. बायको वाळलेले कपडे काढते आहे, नवरा टोपली धरून शेजारी उभा आहे. तो म्हणतो, इतकी वर्षं झाली, मी तुला अजून सांगितलंच नाही. आज सांगतो, पाऊस यायच्या आत.

मीनलने हातातला कप खाली ठेवला. पद्माकर टेबलाशी येऊन उभाच होता.

"तुम्हाला याचा अर्थ माहीत होता?" तिने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"नागोयापासून. मी तुझ्यासाठीच..." एवढं बोलून तो टेबलावरचे कप एका रेषेत लावू लागला.

मीनल हळू आवाजात म्हणाली, "अहो, चाल चोरलीत, त्याचं मला काही नाही. पण त्यातलं माझ्या उपयोगाचं तेवढंच नेमकं काढून कसं टाकलंत?"

मध्यंतरानंतर सत्कार झाला. शाल घातली, नारळ दिला. चारुदत्त म्हणाले, आता भूषणांनी दोन शब्द बोलावेत. पद्माकरने नारळ काखेत धरला आणि माइक दोनदा ठोकून पाहिला.

"ही चाल माझी नाही," पद्माकर म्हणाला. "जपानमधल्या दोघांची आहे. सगळ्याच त्यांच्या आहेत."

 मग चारुदत्तांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि सांगितलं की याला म्हणतात महाराष्ट्राचं आतिथ्य, एका पाहुण्या बाईंचा मान राखायला या माणसाने आयुष्यभराचं श्रेय त्यांच्या देशाला देऊन टाकलं. पुन्हा टाळ्या. माणसाला खरं बोलूनही सुटका नसते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

टाळ्या थांबेनात, तेव्हा पद्माकर गाऊ लागला. जपानीत, त्या दोघांचे मूळ शब्द. आवाज बेताचाच, शाल खांद्यावरून घसरलेली, नारळ काखेत. तिसऱ्या रांगेकडे बघून गात होता, आणि नोरिकोकडे बघत नव्हता. शेवटच्या ओळीला त्याचा सूर फुटला. तो थांबला आणि माइकवर मराठीत म्हणाला, "पाऊस यायच्या आत सांगायचं होतं. फार उशीर केला."

पावसाचं नाव ऐकून मागच्या रांगेतले दोघे गाडीच्या काचा बंद आहेत का ते बघायला उठले. मला मात्र रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही कोटांच्या खोलीत उभ्या होतो. हॉलमध्ये फाल्त्सभूषण एकटाच पिवळ्या पिशव्या बांधत होता. तनयाला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते आणि प्रश्नही जर्मनमध्येच विचारते. तिने विचारलं की म्हणजे पपाने ते गाणं खरंच चोरलं होतं का?

"हो," मीनल कोटाची बटणं लावत म्हणाली. "माझंच चोरलं होतं. आज दिलं परत."