शून्य गुन्ह्यांची गल्ली

माझा धाकटा भाऊ नांदेडात कापडाचं दुकान चालवतो आणि मोबाइलवर जे दिसेल ते खरं मानतो. मी लातूरच्या शाळेत गणित शिकवून म्हातारी झाले, त्यामुळं आकडा दिसला की तो कुणी मोजला आणि कसा मोजला हे विचारल्याशिवाय मला घास उतरत नाही. आमचं दोघांचं पटणं म्हणजे कठीणच काम. पण मागच्या उन्हाळ्यात आमची जी जुंपली, तशी याआधी कधी जुंपली नव्हती. कारण होतं त्याची पोरगी.

पोरगी दहावी झाली. डॉक्टर व्हायचं डोक्यात घेतलेलं. लातूरच्या एका क्लासची परीक्षा देऊन तिनं तिथं जागाही मिळवली होती. राहायचा प्रश्न मला पडलाच नाही. आत्याचं घर गावात असताना पोरगी दुसरीकडं कशाला राहील? आमच्या घरात आम्ही दोघं नवरा-बायको, मुलं पुण्याकडं. मागची खोली मी झाडून घेतली, पडदे धुतले, टेबल खिडकीशी लावलं. खरं सांगते, मला लई आनंद झाला होता. घरात कुणीतरी पुन्हा मोठ्यानं पाठांतर करणार होतं.

आणि भावाचा फोन आला. म्हणाला, "ताई, तुझा मोहल्ला लाल हाय."

मला वाटलं, काही दंगाबिंगा झाला की काय. तसं काही नव्हतं. कुठल्याशा साइटवर पोलिसांकडच्या गुन्ह्यांच्या नोंदी घेऊन शहरातल्या वस्त्यांचे नंबर लावले होते. हिरवी वस्ती सुरक्षित, लाल वस्ती धोक्याची. माझा मोहल्ला यादीत पार तळाला होता. पहिल्या नंबरावर गावाबाहेरची नवी कॉलनी, पण तिथली मुलींची होस्टेलं भरून गेली होती. लालमध्ये पोरीला ठेवणार नाही, हिरव्यात जागा नाही, तेव्हा लातूरच नको, असं त्यानं ठरवूनही टाकलं होतं. "इथंच शिकंल काय ते," म्हणाला.

फोनवर भांडण्यात मजा नसते. मी रविवारी सकाळची एसटी धरली आणि नांदेड गाठलं.

घरात शिरले तर आमची आक्का आधीच येऊन बसलेली. आक्का म्हणजे आमची थोरली बहीण, लोह्याला दिलेली. दरवर्षी लोणच्याच्या कैऱ्या घेऊन येते आणि भावाच्या घरी घालून देऊनच परत जाते, कारण आमच्या भावजयीचं लोणचं तिला पसंत नाही. फरशीवर जुनी चादर अंथरून ती विळीवर कैऱ्या फोडत बसली होती. भावजय माहेरी लग्नाला गेलेली. भाऊ सोफ्यावर, हातात मोबाइल. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिचं तोंड बघितलं आणि मला कळलं की रात्री रडून झालेलं आहे.

मी पाणीसुद्धा न पिता सुरू झाले. म्हटलं, "अरे, माझ्या मोहल्ल्यात नोंदी जास्त आहेत, कारण तिथले लोक नोंद करतात. कोपऱ्यावर पोलीस चौकी आहे. आमच्या समोर खाला राहते."

खाला म्हणजे आमच्या गल्लीतली ब्लाऊज शिवणारी. सगळा मोहल्ला तिला खालाच म्हणतो. कुणाची पर्स मारली, कुणाला कुणी टोमणा मारला, कुणाच्या नवऱ्यानं हात उचलला, की खाला मशीन थांबवते आणि म्हणते, "चलो, लिखाके आते." एकटीला जाऊ देत नाही. दोन-चार बायका गोळा करते आणि चौकीत नेऊन बसवते. हवालदारानं कंटाळा केला तर तिथंच ठाण मांडते. आता अशा मोहल्ल्याचा आकडा वाढणार नाही तर काय होणार? शिवाय आमच्याकडं आठवडी बाजार भरतो. बाजाराला येतात दहा गावचे लोक, मोबाइल चोरीला जातात त्यांचे, आणि नाव लागतं आमच्या मोहल्ल्याला.

"आणि ती हिरवी कॉलनी," मी म्हटलं, "माझ्याकडं शिकवणीला येणाऱ्या पोरी तिथं राहतात. तिथं स्कूटी गेली तरी कमिटीवाले म्हणतात, पोलीस नको, कॉलनीचं नाव जाईल. झाकली मूठ. तुझ्या मोबाइलला झाकलेली मूठ हिरवी दिसते."

भाऊ काही वेडा नाही. दुकानदार आहे, समोरच्याचंच माप त्याच्या पदरात घालतो. तो शांतपणे म्हणाला, "बरं. तक्रार नाही म्हणजे गुन्हा नाही असं नसतं, हाव ना? मग आपली लहानपणची गल्ली? आपल्या गल्लीतनं कधी कुणी चौकीची पायरी चढलं नव्हतं. तिथं बी झाकलेलीच मूठ होती का?"

"ती गोष्ट वेगळी," मी म्हटलं. "आपली गल्ली खरंच चांगली होती."

आता यात गणित कुठं बसतं ते मला विचारू नका. पण ती गल्ली निघाली की मी गणिताची बाई राहत नाही. गोदावरीकडं उतरणारा रस्ता, त्याच्या पोटातली आमची गल्ली. एका टोकाला अत्तरवाल्यांचं घर, दुसऱ्या टोकाला लिंगायत अप्पांचं भुसाराचं दुकान, मध्ये आम्ही सगळे चिल्लेपिल्ले. अख्ख्या गल्लीत मोठं असं एकच कुलूप होतं. ते अप्पांच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं असायचं. ज्याला लग्नाला, तीर्थाला जायचं त्यानं ते मागून न्यायचं आणि परत आलं की आणून टांगायचं. एकदा एकाच मुहूर्ताच्या दोन लग्नांना दोन घरं निघाली, तर कुलूप कुणी न्यायचं यावर वाद झाला. शेवटी दोघांनीही नेलं नाही. दारं नुसती लोटून गेले आणि काही झालं नाही.

उन्हाळ्यात आम्ही पोरं गच्चीवर झोपायचो. एका गच्चीवरून दुसरीवर उडी मारत गल्लीच्या शेवटापर्यंत जाता यायचं. कोण कुणाच्या घरी जेवलं याचा हिशोब आयांनाही नसायचा. मुदखेडहून आमचा मामा यायचा, तो म्हणायचा, "तुमच्या गल्लीत चोर आला तर उपाशी जाणार नाही, पण काही घेऊनही जाणार नाही." भाऊ आणि मी हे सगळं एकमेकांच्या तोंडातलं काढून काढून सांगत सुटलो. भांडण विसरलो. भाऊ हसत होता, मीही हसत होते, पोरगी दारातून ऐकत होती.

आणि मग चहा निघाला. आमच्या गल्लीचा चहा म्हणजे निवाडा होता. कुणाचं काही चुकलं की मोठी माणसं अप्पांच्या ओट्यावर बसायची. दोन्हीकडचं ऐकायची. ज्याची चूक ठरेल त्यानं चौकातल्या हॉटेलातून सगळ्या गल्लीला चहा मागवायचा. किटली फिरायची, घरटी कप जायचे, पोरांना बशीत ओतून मिळायचा आणि वर एकेक बिस्किट. तो चहा गल्लीनं प्यायला की विषय संपला. पुन्हा कुणी त्याचं नाव काढायचं नाही, काढलं तर काढणाऱ्याची चूक. पोस्टमनची सायकल एकानं न विचारता नेली, चहा झाला. कुणाची कोंबडी कुणाच्या पातेल्यात सापडली, चहा झाला. आम्ही पोरं तर देवाला म्हणायचो, कुणाचं तरी काहीतरी चुकू दे, लई दिवस झाले बिस्किट मिळालं नाही.

"बघ," भाऊ म्हणाला, "पोलीस नाही, कोर्ट नाही. शून्य गुन्हे. अशी वस्ती आज दाखव मला, पोरीला उद्या पाठवतो."

मी काही बोलणार तेवढ्यात विळीचा आवाज थांबला. मी आल्यापासून आक्का एक शब्द बोलली नव्हती. तशी ती बोलतच नाही फारशी. तिनं कैरीचे हात चादरीला पुसले आणि भावाकडं बघून विचारलं, "मी शाळा कामून सोडली, ठाऊक हाय का तुला?"

भाऊ म्हणाला, "तुला गोडी नव्हती ना अभ्यासाची." आमच्या घरात हेच सांगितलं जायचं. मलाही तेच ठाऊक होतं. भाऊ तेव्हा पाचेक वर्षांचा असेल, मी पाचवीत. आक्का नववीत होती.

"गोडी," आक्का म्हणाली. "माझा वर्गात दुसरा नंबर होता."

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, मसाल्याचं प्रमाण सांगावं तसं. अप्पांचा भाचा दुकानात मदतीला राहिला होता. ती शाळेला निघाली की मागं यायचा. कितीतरी दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. एकदा भर दुपारी बोळात त्यानं तिचा हात धरला आणि ओढणी खेचली. ती पळत घरी आली आणि आईला सांगितलं. आईनं अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना सांगितलं. संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. भाच्याची चूक ठरली. अप्पांनी चहा मागवला.

"गल्लीनं चहा प्यायला," आक्का म्हणाली. "अण्णांनी बी प्यायला. मी घरात होते. मला कोणी इचारलं न्हाई, तुझं समाधान झालं का म्हणून. दुसऱ्या दिवशी दप्तर भरलं तर अण्णा म्हणले, राहू दे आता, पुन्हा विषय नको. तो दुकानात बसत राहिला. मी घरात बसले. मग लोह्याचं स्थळ आलं."

मला तो चहा आठवेना. इतके चहा झाले, त्यातला तो कुठला हे मला आजही सांगता येत नाही, आणि याचाच मला जास्त त्रास होतो. मला अण्णांचा राग आला. अण्णांवर माझा फार जीव होता, त्यांचा राग यायची ती माझी पहिलीच वेळ. ते जाऊन किती वर्षं झाली, आता भांडणार कुणाशी?

भावानं मोबाइल उलटा करून ठेवला. म्हणाला, "आक्का, मला खरंच ठाऊक नव्हतं."

"तुला ठाऊक असायचं कारणच न्हाई. चहा झाला होता," आक्का म्हणाली. "गल्ली वाईट नव्हती रे. मला बी तिची आठवण येते. गच्चीवर झोपायची तर लईच येते. पण वस्ती कशी हाय ते काय इचारायलास? पोरगी घरी येऊन सांगल तेव्हा तू काय करशील, ते सांग. क्लास बंद करशील का?"

भावानं मान खाली घातली.

"कबूल कर आत्ता, तिच्यासमोर. काय बी झालं, तिनं सांगितलं, तर तिचं शिक्षण थांबायचं न्हाई. मग ती कुठं बी राहू दे."

दुकानात गिऱ्हाइकाला शब्द द्यायला माझ्या भावाला क्षण लागत नाही. इथं त्याला वेळ लागला. तो पोरीकडं न बघता म्हणाला, "न्हाई थांबायचं." आक्का म्हणाली, तिच्याकडं बघून म्हण. मग त्यानं मान वर केली आणि पोरीला म्हणाला, "काय बी झालं तरी तुझा क्लास बंद होणार न्हाई. जा आत्याकडं."

मला वाटलं, जिंकलो. पोरगी आता येऊन गळ्यात पडेल म्हणून मी हातसुद्धा पुढं केले. पण ती जागची हलली नाही. चौकट तशीच धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, नक्की ना?"

"नक्की."

"मग एक सांगायचं होतं."

आपल्याच कॉलनीच्या गेटबाहेर एक मोटारसायकलवाला उभा राहतो, शिकवणीहून येताना मागं येतो, आता गाडी आडवी घालायला लागलाय. दिवाळीपासून चाललंय. सांगितलं असतं तर तुम्ही लातूर बंद केलं असतं, म्हणून सांगितलं नाही. एवढं ती एका दमात बोलली.

भावाचा चेहरा मला बघवेना. ही त्याची कॉलनी त्याच साइटवर नांदेडात पहिल्या नंबरावर आहे, हे त्यानंच मला त्या दिवशी फोनवर कौतुकानं कळवलं होतं. तो उठून बाहेरच निघाला होता, त्या गाडीवाल्याला शोधायला, आणि त्याच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या. आक्कानं त्याला दारात अडवलं. म्हणाली, मारामारी नको, आणि मिटवामिटवी तर नकोच नको. कैऱ्या तशाच चादरीवर टाकून तिनं हात धुतले, पदर सारखा केला. आम्ही चौघं पोलीस ठाण्यात गेलो.

तिथं बाकावर बसलो. समोरच्या हवालदारानं कागद ओढला आणि भावाला विचारलं, "बोला, काय झालं?" भावानं घसा साफ केला. "साहेब, माझ्या मुलीला..." एवढंच तो म्हणाला असेल, तेवढ्यात आक्कानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू थांब," ती म्हणाली. "तिचं तिला सांगू दे."

हवालदारानं खुर्ची पोरीकडं वळवली. पोरगी सांगायला लागली. आक्का तिच्या तोंडाकडं बघत शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि मला तिथंच, सगळ्यांच्या देखत, रडू फुटलं.